माझंच वाक्य मला संदर्भ म्हणून आलं (विकिपीडिया आणि एम.ए.चे प्रकल्प)

कोरडवाहू

गेल्या आठवड्यात एम.ए. इतिहासाच्या तिसऱ्या सत्राचे प्रकल्प तपासत होतो. (परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर आहे. म्हणजे तासाला पैसे, आणि तेही येतील तेव्हा.) एका पोरानं तालुक्यातल्या बारवांवर प्रकल्प केलाय. मेहनत दिसत होती. फोटो स्वतः काढलेले, पायऱ्या मोजलेल्या, एका बारवेत तर उतरून कोनाडेही मोजलेत. पान १४ वर आलो आणि थांबलो. आमच्याच गावच्या बारवेबद्दल होतं: "ही बारव यादवकालीन असून तिचे बांधकाम हेमाडपंती शैलीतील आहे." खाली तळटीप, एका स्मरणिकेची.

ते वाक्य माझं आहे.

२०११ साली बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. तालुक्याच्या नेट कॅफेत बसून मराठी विकिपीडियावर गावाच्या पानात मी ते टाकलं. संदर्भ कुठला? आजोबा म्हणायचे. आजोबांना त्यांचे आजोबा म्हणायचे. "हेमाडपंती" मात्र माझी भर. काळा दगड दिसला की तेव्हा दुसरा शब्दच सुचायचा नाही.

पोराकडून स्मरणिका मागवली. गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची, २०१६ची. त्यात "गावाचा इतिहास" म्हणून दीड पान, आणि माझं वाक्य "असून"सकट. मग विकिपीडियाचं पान उघडलं. तिथं माझ्या वाक्याला आता संदर्भ लागलाय. तीच स्मरणिका!

म्हणजे मी पाण्यात दगड टाकला, तो लाटेबरोबर फिरून माझ्याच पायाशी आला, आणि आता त्यावर छापील शिक्का आहे. पोराला काय बोलू? वर्गात आम्हीच सांगतो, "विकिपीडिया देऊ नका, छापील संदर्भ द्या." त्यानं छापील दिला.

(गावाचं नाव मुद्दाम देत नाही. शोधू नका.)

तुमच्याकडे काय चाललंय? सरसकट नको म्हणता की वापरू देता?

मांजराकाठ

हसावं का रडावं कळंना बगा सर. 😀

आमच्याकडं आठवीची लेकरं प्रकल्प आणायलेत. नेट सेंटरवाला वीस रुपयात रंगीत काढून देतोय. परवा एकीनं मुक्तिसंग्रामावरचा प्रकल्प आणला, त्यात मधीच निळ्या अक्षरात "संपादन" "संपादन" छापलेलं. म्हनलं बाई, हे संपादन काय हाय? म्हनली, उपशीर्षक हाय मॅडम.

कडक_चहा

मी चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. माझं मत साधं आहे, बंदी. ज्या ठिकाणी कुणीही उठून काहीही लिहू शकतं, ते संशोधनात चालणार नाही. तुमचा किस्सा हाच त्याचा पुरावा. अमेरिकेत मिडलबरी कॉलेजच्या इतिहास विभागानं २००७ सालीच बंदी घातली होती.

रात्रपाळीचा_संपादक

@कडक_चहा सर, मिडलबरीची बंदी संदर्भ म्हणून देण्यावर होती, वाचण्यावर नव्हती. हे दोन वेगळे आहेत. आणि त्याच्या आदल्या वर्षी खुद्द विकिपीडियाचा संस्थापक जिमी वेल्सही विद्यार्थ्यांना हेच सांगत होता, की कॉलेजात आलात, आता विश्वकोशाचा दाखला देत बसू नका. विकिपीडियाचं स्वतःचं धोरणही विकिपीडियाला विश्वसनीय स्रोत मानत नाही. एका लेखाला दुसऱ्या विकी-लेखाचा संदर्भ दिला तर आम्ही काढतो.

मी सात-आठ वर्षं मराठी विकीवर रात्री तासभर बसतो, म्हणून आतलं सांगतो. "कुणीही लिहू शकतं" यात खरी गोम नाही. कुणीही लिहू शकतं, तसं कुणीही खोडूही शकतं. इंग्रजीतल्या एखाद्या गाजलेल्या लेखावर शेकडो लोकांची नजर असते. कुणी शिवी टाकली तर बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) मिनिटभरात काढतो. २००५ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकानं विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले होते. विकिपीडियात १६२ चुका, ब्रिटानिकात १२३. गंभीर चुका दोन्हीकडे चार-चार. ब्रिटानिकावाले पुढच्या वर्षी भडकले, पाहणीच चुकीची म्हणाले, तो वाद वेगळा. पण ते विज्ञानाचे लेख होते, आणि इंग्रजीतले.

आता आपलं बघा. मराठी विकीवर लेख लाखाच्या आसपास, आणि रोज येणारे संपादक एका वर्गात बसतील इतके. मराठवाड्यातल्या गावांचे कितीतरी लेख एकाच साच्यातले आहेत. गावाचं नाव बदललं की पुढचा लेख तयार. त्या पानावर नजर कुणाची? कोरडवाहूंचं वाक्य इतकी वर्षं टिकलं ते खरं होतं म्हणून नाही, पान कुणी उघडलंच नाही म्हणून.

तिसरं_सत्र

सर मी विद्यार्थी आहे, खरं बोलू का? राग मानू नका.

नवीन शैक्षणिक धोरणात एम.ए.ला संशोधन प्रकल्प आला. तिसऱ्या सत्रात चार क्रेडिट, चौथ्यात सहा. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात इतिहासाची दोन कपाटं आहेत, त्यातल्या एकाची किल्ली हरवलेली आहे. विद्यापीठात जायचं तर एसटीनं अडीच तास. मग काय करतो? विकिपीडिया वाचतो, तिथून उतरवतो, आणि खाली त्यांच्याच यादीतले ग्रंथ लिहून टाकतो. सरांना विकिपीडिया दिसला नाही पाहिजे ना, मग गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) दिसतं. मी गॅझेटिअर डोळ्यानं पाहिलेलं नाही.

आणि आता तर विकिपीडियाही कोण उघडतंय. एआयला विचारलं की सगळं सरळ सांगतं.

जुनं_ग्रंथालय

@तिसरं_सत्र, प्रामाणिकपणाबद्दल शंभर गुण आणि प्रकल्पाला शून्य. हलके घ्या.

पण बाळ, तुला ज्या गॅझेटिअरसाठी एसटी लागते असं वाटतंय ते तुझ्या मोबाईलवर आहे. राज्य शासनाच्या दर्शनिका विभागानं जिल्ह्यांची गॅझेटिअर्स संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. औरंगाबादचं तर निजामाच्या काळातलं १८८४चं इंग्रजी गॅझेटिअरही स्कॅन होऊन जालावर आहे. मराठी विश्वकोशही पूर्ण ऑनलाइन आहे. विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. चूक सापडली तर ती कुणाची हे कळतं. केतकरांचा ज्ञानकोशही २३ खंडांचा, तोही शोधला तर सापडतो.

पण कडक_चहा सरांसाठी हेही लिहून ठेवते, छापील म्हणजे कायमचं बरोबर असं मुळीच नाही. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. तेव्हा मराठवाड्यात जिल्हे पाच. जालना १९८१ला झाला, लातूर १९८२ला, हिंगोली १९९९ला. जुनं गॅझेटिअर उघडून "मराठवाड्यात पाच जिल्हे आहेत" असं वर्तमानकाळात लिहिणारी मुलं मी दरवर्षी बघते. छापील पुस्तकावर निदान साल असतं. ते बघायची सवय लावा एवढंच म्हणते.

टीएमसी

पाटबंधारे खात्यातून निवृत्त. माझ्याकडे शेजारची पोरं जायकवाडीचा प्रकल्प घेऊन येतात. दरवर्षी एकच भांडण. एक म्हणतो नाथसागर (जायकवाडीचा जलाशय) १०२ टीएमसी, दुसरा म्हणतो साधारण ७६. दोघांनी मोबाईल पुढे केलेले.

दोघंही बरोबर आहेत. १०२ हा एकूण साठा. त्यातले सुमारे २६ मृतसाठा, म्हणजे दारातून आपोआप निघत नाही असं तळाचं पाणी. उरलेला जिवंत साठा. "धरण ८० टक्के भरलं" अशी बातमी येते तेव्हा ती टक्केवारी जिवंत साठ्याची असते. आता एका पोरानं मागच्या वर्षी १०२चे ८० टक्के काढले आणि ८२ टीएमसी उपलब्ध पाणी लिहिलं. जिवंत साठ्याची जागाच तेवढी नाही! विकिपीडियात चूक नव्हती, गॅझेटिअरमध्येही नसती. आकडा कशाचा आहे हे विचारायचं राहिलं. किल्लारीच्या भूकंपाचंही तसंच. कुठे ६.२ वाचाल, कुठे ६.४. मोजायच्या पट्ट्या वेगवेगळ्या आहेत.

माझं म्हणणं संपलं. धरणाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, त्याला कंटाळा नाही.

कडक_चहा

@टीएमसी, मान्य. पण हा समजुतीचा दोष झाला. मी बोलतोय ते खोटेपणाबद्दल. पोरांना खोटं ओळखता येत नाही.

रात्रपाळीचा_संपादक

खोटेपणाचंच सांगतो, आणि ते आपल्या इतिहासाचं आहे म्हणून जास्त लागतं.

इंग्रजी विकिपीडियावर जुलै २००७मध्ये एक लेख आला, "डिचोली संघर्ष". गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात १६४० ते १६४१ मध्ये झालेलं युद्ध. साडेचार हजार शब्द, तळटिपा, ग्रंथांची नावं, तहाची कलमं. दोन महिन्यांत त्याला "चांगला लेख" हा दर्जा मिळाला. तो तिथं पाच वर्षं होता. डिसेंबर २०१२मध्ये एका संपादकानं संदर्भातली पुस्तकं शोधायला घेतली आणि ती जगात नव्हतीच. युद्धही झालेलं नव्हतं.

आता मला सांगा, १६४० साली कुठलं मराठा साम्राज्य? शिवाजी महाराजांचा जन्म १६३०चा. दहा वर्षांचे होते! आपल्याकडच्या चौथीच्या पोरानं शीर्षक वाचून हात वर केला असता. पण ते तपासणारे दूरचे होते, आणि आपण कुणी ते पान उघडलं नाही. तळटिपांची संख्या बघून सगळ्यांनी मान डोलावली. म्हणून मी पोरांना सांगतो, तळटीप मोजू नका, उघडा. दहातल्या दोन उघडा. पुस्तक अस्तित्वात आहे का, त्या पानावर ते वाक्य आहे का. पान नीट असेल तर पाच मिनिटांत कळतं, आणि नसेल तर दोन मिनिटांत.

एआयबद्दल @तिसरं_सत्र: विकिपीडियाला निदान "इतिहास पहा" आहे. कुठलं वाक्य कोणत्या तारखेला कुठल्या सदस्यानं टाकलं ते दिसतं. कोरडवाहूंना स्वतःचा गुन्हा तिथंच सापडला. एआयनं हेच वाक्य दिलं असतं तर त्यावर कुणाचं नाव असतं?

कोरडवाहू

सापडला खरा. तारीख, वेळ, सगळं. रात्री ८ वाजून काही मिनिटं. तेव्हा कॅफेवाला शटर अर्धं ओढून "चला" म्हणत असणार.

आता पुढची अडचण ऐका. काल गावी गेलो होतो. यंदा बारवेचं पाणी खाली गेलंय, त्यामुळं एरवी बुडालेला कोनाडा उघडा पडला. त्यात एक शिळा आहे. देवनागरी अक्षरं, बरीच झिजलेली. पण "शके १७" एवढं मला वाचता आलं. पुढचे दोन आकडे गेलेत. शके सतराशे काहीतरी म्हणजे ७८ मिळवून इ.स. १७७८ ते १८७८. यादव तर चौदाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपले. म्हणजे माझं वाक्य साडेचारशे वर्षांनी तरी चुकलं.

@रात्रपाळीचा_संपादक, हे मी पानावर लिहितो आणि जुनं खोडतो. चालेल ना?

रात्रपाळीचा_संपादक

नाही चालणार. 🙏

तुम्ही शिळा वाचली, ते झालं मूळ संशोधन. विकिपीडियावर ते घेत नाहीत. आधी कुठेतरी प्रसिद्ध व्हायला हवं, मग त्याचा संदर्भ देऊन लिहायचं. जुनं वाक्य मात्र छापील संदर्भासकट उभं आहे.

मांजराकाठ

म्हंजे खोटं छापलं तर ऱ्हायलं, आन् खरं दगडावर कोरलं तरी चालंना? धन्य हाय!

जुनं_ग्रंथालय

@मांजराकाठ ताई, चिडू नका, नियमामागे कारण आहे. उद्या कुणीही उठून "मी शिळा वाचली" म्हणेल. तपासणार कोण?

आणि कोरडवाहू सर, जरा थांबा. ती शिळा बांधकामाची आहे की जीर्णोद्धाराची? जुनी बारव गाळानं भरायची, मग कुणीतरी पाटील-देशमुख ती उपसून, पायऱ्या बसवून स्वतःचं नाव कोरायचे. शके सतराशेत दुरुस्ती झाली असेल तर मूळ बांधकाम त्याआधीचं कितीही जुनं असू शकतं. तुम्ही पहिल्यांदा आजोबांवर विश्वास ठेवलात, आता दोन आकड्यांवर ठेवताय.

"हेमाडपंती"बद्दलही बोलायला हवं. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ म्हणजे १०६०चं, तिथं शिलालेख आहे. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षं. तरी त्यालाही सर्रास हेमाडपंती म्हणतात. चुना न वापरता काळे दगड एकमेकांत बसवले की लोक तो शब्द वापरतात. त्यावरून काळ ठरत नाही.

कोरडवाहू

खरंय. मी "जीर्णोद्धार" हा विचारच केला नव्हता. शिकवतो मी, आणि...

कडक_चहा

जुनं_ग्रंथालय यांच्याशी सहमत. आणि एक कबूल करतो. माझ्या स्वतःच्या पीएच.डी.त (१९८९) एका किल्ल्याचं साल मी एका अशाच स्थानिक पुस्तिकेवरून घेतलंय. ती पुस्तिका लिहिणाऱ्यानं कुठून घेतलं, ते मी विचारलं नव्हतं. तेव्हा विकिपीडिया नव्हता.

प्रबंध कपाटात आहे. कुणाच्या हाती लागू नये.

तिसरं_सत्र

कडक_चहा सर 🙏

मी काल दर्शनिकावाल्यांचं संकेतस्थळ उघडलं. आमच्या जिल्ह्याचं गॅझेटिअर खरंच आहे. मी ज्या पानाचा संदर्भ दिला होता तिथं माझ्या विषयाचा एक शब्द नाही. बाजारहाटाची यादी आहे. प्रकल्प जमा करायला नऊ दिवस आहेत, तळटिपा एकेचाळीस. सहा तपासल्या, चार गेल्या.

जुनं_ग्रंथालय

गेल्या तर गेल्या. राहिलेल्या तुझ्या स्वतःच्या असतील. ज्या मिळत नाहीत तिथं "अमुक ग्रंथात, तमुकांनी उद्धृत केल्याप्रमाणे" असं लिही. ते कमीपणाचं नाही, पद्धतच तशी आहे.

कोरडवाहू

शेवटचं काय झालं ते सांगतो, मग सगळ्यांनी झोपा.

पोराला पान १४ दाखवलं आणि सगळी कहाणी सांगितली. आधी त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग "इतिहास पहा" उघडून माझं सदस्यनाव दाखवलं. बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "सर, मग आता माझ्या प्रकल्पात काय लिहू?" मी म्हटलं, जे पाहिलंस ते लिही. बारव आहे, मापं अशी, गावकरी तिला जुनी मानतात, स्मरणिकेत असं छापलंय, ते कुठून आलं ते असं, आणि शिळेवर एवढं वाचता येतं. काळ ठरवू नकोस. तेवढ्यानं त्याचे तीन परिच्छेद झाले, आणि मला विचाराल तर आख्ख्या प्रकल्पातले तेच चांगले.

विकिपीडियावर चर्चा पानावर मी स्वतः लिहिलं, की वरचं वाक्य मी २०११मध्ये ऐकीव माहितीवरून टाकलं आहे आणि स्मरणिकेनं ते इथूनच घेतलं आहे. लेखातल्या वाक्यापुढं "संदर्भ हवा" लावलं. आज सकाळी बघितलं तर तो साचा काढलेला. संपादन-सारांशात लिहिलंय: "संदर्भ आधीच दिलेला आहे, कृपया गावाची बदनामी करू नये."

बहुतेक आमच्याच भावकीतलं कुणीतरी आहे.

रात्रपाळीचा_संपादक

चर्चा पानावर मी येतो. परत साचा लावू नका, संपादन-युद्ध होईल. स्मरणिका तुमच्या वाक्यानंतर पाच वर्षांनी आली, दोन्ही तारखा पुढं ठेवू.

आणि ती शिळा कुणा जाणत्याकडून वाचून घ्या. एखाद्या नियतकालिकात छोटं टिपण आलं तरी पुरे.

जुनं_ग्रंथालय

शिळेवर खडू किंवा चुना घासू नका! सगळे तेच करतात आणि उरलेली अक्षरं जातात. संध्याकाळी जा, बॅटरीचा उजेड बाजूनं तिरका टाका, एकेका बाजूनं फोटो काढा. सावलीत अक्षर उठून दिसतं.

कोरडवाहू

रविवारी जातो. पोरगंही येतंय, त्याच्याकडं चांगली बॅटरी आहे. पाऊस पडायच्या आत व्हायला पाहिजे, नाहीतर कोनाडा परत पाण्याखाली.